रिकाम्या घराचा आवाज

ट्युनिस, ९ मार्च

नौफल,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून हा कागद. बेटावर पोस्ट वेळेवर पोचतं की फेरीबोटवाल्यांच्या खिशात आठवडाभर फिरतं, देव जाणे. पाकीट फेकायचं असेल तर फेक, पण आधी आतलं छोटं कार्ड काढून घे. फोनमध्ये घाल, हेडफोन लाव आणि ऐक. स्पीकरवर ऐकू नकोस, काही उपयोग नाही.

आपलं घर विकलं गेल्याचं तुला हयातमावशीकडून कळलंच असेल. नवा मालक जर्बाचा आहे, तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढणार आहे. त्यानं नेमकं आमच्याच कंपनीला काम दिलंय. परदेशात बसलेल्या माणसानं डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि आपल्या घरात फिरून यायचं, आवडलं तर खोली घ्यायची. दिसण्याचं काम बाकीचे करतात, ऐकू येण्याचं माझ्याकडे. माणूस चौकात उभा असेल तर कारंजं त्याच्या डावीकडे वाजलं पाहिजे, तो खोलीत शिरला की पाठीमागे राहिलं पाहिजे, जिना चढला की पायाखालून यायला पाहिजे. आमचे साहेब सुफियान यांना हे आमचंच घर होतं हे ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात किल्ली घेऊन गेले. घर धुऊन पुसून रिकामं. आम्ही काय करतो, तर खोल्याखोल्यांत फुगे फोडतो. फुगा फुटला की खोली त्या आवाजाचं काय करते ते टिपायचं: कुठली भिंत तो परत पाठवते, कुठली गिळते, किती वेळ घोळवते. टिपायला एक रबरी डोकं असतं, कानांच्या जागी माईक बसवलेलं. ते डोकं मी तुझ्या खोलीतही ठेवलं. तुझा पलंग असायचा तिथेच, उशीच्या उंचीला.

आणि मग कामात नव्हतं ते केलं. स्वयंपाकघरामागच्या न्हाणीत, आई पडली होती त्या फरशीवर, कॉम्प्युटरमधल्या घरात एक हाक ठेवली. ‘नौफल’ म्हणून. आवाज माझाच आहे, आईचा आणणार कुठून? तिच्या वयाचा काढायचा प्रयत्न केलाय. कार्डावर तेच आहे. तू तुझ्या पलंगावर आहेस आणि न्हाणीतून हाक येते आहे.

ऐकू येते, नौफल. अगदी स्वच्छ येते.

मी भांडायला लिहीत नाहीये. मयताच्या दिवशी मी सगळ्यांदेखत तुला विचारलं होतं, “ऐकू कसं आलं नाही तुला?” आणि तू नुसता माझ्याकडे बघत राहिलास. तेव्हा मावशी म्हणाली होती, “भिंतीपलीकडच्या मोंजियाला ऐकू येतं आणि पोटच्या पोराला नाही? कानात बोळे घातले होते का?” तेव्हाही तू गप्प. दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस आणि बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला निघून गेलास, भट्टीतली बरी नोकरी सोडून. मला फक्त एवढंच पाहिजे की तू एकदा कबूल करावंस. जागा होतास, ऐकलंस आणि कंटाळा केलास. रात्रभर पाव भाजून आलेला माणूस कंटाळा करू शकतो. मी समजून घेईन.

मी तर पाच वाजता ऑफिसातून आले. माझ्या हातात काहीच नव्हतं.

एम्ना

ट्युनिस, २८ मार्च

नौफल,

उत्तर नाही. ठीक आहे.

एक गोष्ट माझ्याकडून झाली ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते. रविवारी हयातमावशीकडे मुलुखियाचं कालवण होतं. तुला माहीत आहे, तिची मुलुखिया खाल्ली की माणसाची जीभ सैल सुटते. मी बोलून गेले की घर मोजलंय आणि तुझ्या पलंगापर्यंत हाक पोचते.

मावशीनं चमचा खाली ठेवला. “म्हणजे मशीनपण तेच सांगतंय!”

“मशीन नाही गं मावशी, हिशेब असतो तो...”

“तेच ते. मी दोन वर्षं काय सांगतेय? आता तर कॉम्प्युटरनं शिक्का मारला. माझ्या युसराच्या लग्नाला त्याला बोलावणं नाही. बशीर, ऐकताय ना? नाव काढून टाका.”

बशीरकाका भाकरीनं ताटली पुसत म्हणाले, “बाई, सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे तुझ्या. मांडवात मामेमावसभाऊ उभे राहतात, तिथे त्याची जागा रिकामी दिसेल.”

“दिसू दे. लोक विचारतील तेव्हा मी कारण सांगेन.”

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. युसराला तू खांद्यावर बसवून हफ्सियाच्या बाजारात फिरवायचास, ते मला तेव्हा आठवत होतं आणि तरी मी जेवत होते.

तू कार्ड ऐकलंस का? नसशील ऐकलं तर एवढ्यात ऐकू नकोस. कारण सांगता येत नाही, पण मनाला काहीतरी खटकतंय.

एम्ना

ट्युनिस, १५ एप्रिल

नौफल,

कार्ड फेकून दे. ते खोटं आहे.

सगळं नीट सांगते, कारण तू मध्येच कागद चुरगाळशील अशी भीती वाटते. परवा सुफियान यांनी चष्मा लावून आपल्या घरात चक्कर मारली. चौकातून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात. मग चष्मा काढला आणि म्हणाले, “एम्ना, हे घर आहे की पाण्याची टाकी?”

“मोजलं तसंच आहे, सर.”

“मोजलंस तेव्हा आत काय होतं?”

“काही नाही. रिकामं होतं.”

“मग तू भिंती मोजल्यास, बाई. घर कुठे मोजलंस? इथे कोणी राहत होतं की नाही? गाद्या घाल, गालिचे घाल, पडदे घाल. चार माणसं बसव. नाहीतर पाहुणा आत शिरायचा आणि थडग्यात आल्यासारखा पळून जायचा.”

नौफल, हा धडा मी आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी देते. रिकामी खोली खोटं बोलते. लोकर, कापूस, माणसाचं अंग, सगळं आवाज गिळतं, आणि प्रत्येक वस्तूचा गिळण्याचा आकडा लावल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आमच्या धंद्यातली ही इतकी साधी चूक आहे की ती दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला दिवसभर चिडवलं असतं. मी ती चुकून केली असं तुला सांगू शकले असते. पण तुझ्या पलंगाच्या जागी डोकं ठेवताना पलंग तिथे नाही हे मला दिसत होतं ना? हाक ऐकू आली आणि मला इतकं हलकं वाटलं, की पुढे तपासावंसंच वाटलं नाही. मला तू दोषी हवा होतास.

मग मी बसले आणि घर परत भरलं. एकेक वस्तू. चौकाकडच्या ओसरीवर कैरवानचा गालिचा, ज्यावर तू डाळिंब सांडलं होतंस. बैठकीच्या लोकरीच्या गाद्या, ज्या आई दर उन्हाळ्यात उसवून धुवायची आणि आपल्याला काठ्या देऊन लोकर झोडायला लावायची. मेंढीची कातडी. अब्बांचे कोट ठेवलेलं कपाट. स्वयंपाकघरात कुसकुसच्या पिशव्या. प्रत्येकाला आकडा लावला आणि प्रत्येक वेळी हाक थोडी थोडी बसत गेली. तरी ऐकू येत होती. पुसट, पण येत होती.

शेवटी तुझा दरवाजा राहिला. तू भट्टीवरून सकाळी यायचास आणि उजेडामुळे झोप लागत नाही म्हणून कुरकुर करायचास. तेव्हा आईनं तुझ्या दारावर काय टांगलं होतं आठवतं? गफ्साचं ते जाड लाल घोंगडं, आजीच्या रुखवतातलं, दुहेरी करून. ऑगस्टात! मी हसले होते तिला. म्हणाले, “आई, त्याला उकडून काढणार आहेस का?” ती म्हणाली, “पंखा आहे त्याला. माझ्या काळजाच्या तुकड्याला कुणी उठवायचं नाही.” आणि जाता येता मलाच दटावायची की जिन्यावर पाय आपटू नकोस.

मी ते घोंगडं टांगलं. पंखा चालू केला. हाक सोडली.

पंखा ऐकू आला. दुसरं काहीच नाही. आवाज वाढवला, हेडफोन कानाला दाबून धरले, डोळे मिटले. नुसता पंखा. तू खरं बोलत होतास. तुला ऐकू आलं नाही, आणि ज्यामुळे आलं नाही ते आईनंच स्वतःच्या हातानं टांगलं होतं.

मोंजियाला कसं ऐकू गेलं तेही कळलं. न्हाणीत उजेडासाठी ठेवलेलं ते उभं भोक, ज्याला आपण धुराडं म्हणायचो, ते सरळ गच्चीवर निघतं. आवाज चौकाकडे फारसा वळतच नाही, नळीतून गेल्यासारखा वर चढतो. मोंजिया त्या दुपारी तिच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. तिला वाटलं आई कुणावर तरी खेकसतेय. नाव कळलं नाही, नुसती हाक, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत आली आहे. तुझं नाव आपण चिकटवलं.

वरच्या मजल्याचा हिशेब मी केला नाही. तिथे तेव्हा कोणी नव्हतंच.

मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. मी मावशीशी बोलते.

एम्ना

ट्युनिस, १७ एप्रिल

नौफल,

वरच्या मजल्याचा हिशेब केला.

करायची गरज नव्हती. माझ्या खोलीची छोटी खिडकी त्या धुराड्यात उघडते हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई न्हाणीत कपडे धुताना गुणगुणायची ते मी वर पलंगावर पडून ऐकायचे. तरी रबरी डोकं वरच्या खोलीत ठेवलं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या खोलीत, माझ्या टेबलाशी. हाक इतकी जवळून आली की मी मान वळवून मागे बघितलं.

मी त्या दुपारी घरी होते.

डोकं दुखतं म्हणून जेवणाच्या सुट्टीतच निघून आले होते. आई चौकात शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, “हळू जा, तो झोपलाय.” मी सॅंडल जिन्याखाली काढल्या, म्हणजे आवाज नको, आणि अनवाणी वर गेले. डोकं दुखण्याचं फक्त निमित्त होतं, मला एक काम पुरं करायचं होतं. बाहेरचा सगळा आवाज बंद करणारे ते मोठे हेडफोन लावले आणि कैरवानजवळच्या एका जुन्या पाण्याच्या टाकीचा घुमारा ऐकत बसले. एका फुग्याचा आवाज तिथे किती सुंदर विरत जातो म्हणून सांगू! मी तो पुन्हा पुन्हा लावत होते. माझी आई खाली हाका मारत होती आणि मी परक्या टाकीतला फुगा ऐकत होते.

तहान लागली म्हणून खाली आले. न्हाणीचं दार सताड उघडं होतं. तू तिला बघून गाडी आणायला धावला होतास हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. हात गरम होता. तेवढ्यात तुला पळताना बघून मोंजिया धापा टाकत रस्त्याच्या दारातून आली आणि तिनं विचारलं, “अगं पोरी, आत्ता येतेयस का ऑफिसातून?”

मी हो म्हणाले.

बस, एवढंच. एक ‘हो’. विचार करून बोललेलं नव्हतं, पण परतही घेतलं नाही. घटकाभरानं मावशी आली, मोंजियानं तिला सांगितलं, “बिचारी आत्ताच आली,” आणि ते पक्कं झालं. मग सगळे तुझ्याकडे वळले. त्यात मीही वळले. सगळ्यांत आधी मीच विचारलं की ऐकू कसं आलं नाही. आपल्यावर येऊ नये म्हणून माणूस किती मोठ्यानं ओरडतो!

अजून एक सांगायचंय आणि ते सगळ्यांत वाईट आहे. आई तुला कधी झोपेतून उठवत नसे. घराला आग लागली असती तरी तिनं आधी बादली शोधली असती. मी वर जागी आहे हे तिला माहीत होतं. त्या धुराड्यातून वर मला ऐकू जातं हेही माहीत होतं, जेवायला खाली ये म्हणून ती तिथूनच हाक मारायची. कार्डावर मी चुकीचं नाव घातलं. तिनं मला हाक मारली होती, नौफल.

काल मावशीकडे गेले. ती युसराच्या लग्नाचे गोड मकरूद तळत होती, काका खजुराच्या बिया काढत होते. उभ्यानंच सगळं सांगितलं. घोंगडं, पंखा, धुराडं, मी. मावशीनं झारा तसाच कढईत सोडला. एक घाणा काळा झाला.

“दोन वर्षं,” ती म्हणाली, “दोन वर्षं मला त्या पोराला शिव्या द्यायला लावल्यास तू?”

काका मध्ये पडले. “अगं, मुद्दाम थोडंच केलं तिनं? कानाला ते लावलेलं होतं...”

“मुद्दाम त्याचंही नव्हतं!” मावशी ओरडली. “त्याला सूट दिली होती का मी? मग हिला कशाला देऊ?” मग माझ्याकडे बघून एकदम खालच्या आवाजात म्हणाली, “लग्नाला ये. लोकांसमोर मी काही बोलणार नाही. पण आज माझ्या घरात बसू नकोस.”

मी तिला म्हणाले की लोकांसमोर मीच बोलणार आहे. जिनं जिनं तुझं नाव घेतलं तिच्या दारात जाऊन. मोंजियापासून सुरुवात केली आहे. ती ऐकून रडली आणि मला आत घेतलं नाही. बरोबर केलं.

तू लिहावंस असं मी म्हणत नाही. लग्नाचं बोलावणं घेऊन काका स्वतः येणार आहेत, त्यांना हाकलू नकोस.

एम्ना

करकेन्ना बेट, ११ मे

एम्ना,

मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं. बशीरकाका परवा येऊन गेले. फेरीत त्यांना लागली बोट, अर्धा दिवस माझ्या गादीवर आडवे होते. ऑक्टोपसचं कालवण केलं, त्यांनी दोन ताटं खाल्ली. लग्नाला येतो म्हणालो.

तुझं कार्ड ऐकलं आणि समुद्रात टाकलं. खरं सांगतो, त्या दिवशी तू समोर असतीस तर तुलाही टाकलं असतं.

तू घरी होतीस हे मला माहीत होतं. आईला बघितलं आणि गाडीसाठी पळालो तेव्हा जिन्याखाली तुझ्या सॅंडलला अडखळून पडलो. गुडघा फुटला होता माझा, कुणी विचारलं पण नाही. तिथूनच पडल्या पडल्या तुला हाक मारली. दोनदा. सगळी ताकद लावून. तू आली नाहीस.

तेव्हाच मला कळलं की माणूस घरात असतो आणि त्याला खरंच ऐकू येत नाही. माझंही तसंच झालं होतं. म्हणून तुझ्यावर राग नव्हता. मयताच्या दिवशी तू मला ते विचारलंस तेव्हा आला. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण मावशीनं मला जे केलं तेच तुला केलं असतं, आणि आईची दोन्ही पोरं एकाच दिवशी गेली असती. म्हणून गप्प बसलो. वाटलं, दोन-तीन दिवसांत तू स्वतः बोलशील.

दोन वर्षं लावलीस.

माफ वगैरे मला अजून जमत नाही, तू मागितलं पण नाहीस ते बरं केलंस. आई तुला हाक मारत होती असं तू लिहिलंस. मारली असेल. मला वाटतं तिनं दोघांनाही मारली असेल. तिचं तसंच होतं, एकाला बोलवायचं तर दोघांची नावं घ्यायची.

लग्नाआधी एकदा इकडे ये. तिथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा भेटायला नको. दोन खोल्या आहेत, मध्ये दार नाही, नुसता पडदा, तोही पातळ. मी इंजिनाचं काम करतो त्यामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागतं माझ्याशी.

ये. पण कानात काही घालून येऊ नकोस.

नौफल